ड्रॉटनिंगहोल्मला जायचंय? सुरुवात नाटकघरापासून करा

उन्हाळा आला की स्टॉकहोममधल्या मराठी घरांत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापुराहून आलेले असतात. त्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. जुनं गाव गामला स्तान, वासा जहाजाचं संग्रहालय, नगरभवन, आणि एक दिवस ड्रॉटनिंगहोल्मचा राजवाडा. हा राजवाडा मात्र बरेचदा दोन तासांत उरकला जातो. बोटीतून उतरायचं, फिकट पिवळ्या भिंतींसमोर फोटो काढायचे, आत एक फेरी मारायची, बागेत थोडं चाललं की पाय दुखतात म्हणून परतीची वाट. मला त्याचं फार वाईट वाटतं. या जागेतल्या सर्वांत सुंदर दोन गोष्टी राजवाड्याच्या आत नाहीतच. एक आहे शेजारचं, बाहेरून अगदी साधं दिसणारं नाटकघर. दुसरी बागेच्या पार टोकाला, झाडीत दडलेला चिनी महाल. दिवस उलट्या क्रमाने आखला तर या दोन्हींना मुकावं लागतं.

गेल्या काही वर्षांत घरच्यांना, मित्रांच्या आई-वडिलांना घेऊन मी इथे पुष्कळदा गेले आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, जाण्याच्या तयारीपासून परतीच्या बसपर्यंत, क्रमाने सांगते.

आधी चार माणसांची ओळख

ही ओळख घरीच करून घ्या. एवढं माहीत असलं की दालनामागून दालन बघताना सगळं एकसारखं वाटत नाही.

ड्रॉटनिंग म्हणजे राणी आणि होल्म म्हणजे छोटं बेट. मेलारेन सरोवरातल्या लोव्होन बेटावर तिसऱ्या योहान राजाने १६ व्या शतकाच्या शेवटी आपल्या राणीसाठी, पोलंडच्या काटारिना यागेलोनिकासाठी, एक वाडा बांधला. नाव तिच्यामुळे पडलं, ही आपली पहिली ओळख. तो वाडा १६६१ च्या शेवटी जळून गेला. त्याच वर्षी तो विकत घेतला होता दुसरीने, हेडविग एलेओनोरा या राजमातेने. तिचा नवरा, दहावा कार्ल गुस्ताव, १६६० मध्ये वारला होता, मुलगा चार वर्षांचा होता आणि कारभारात तिचा वाटा होता. राखेवर तिने नवा राजवाडा उभारायला घेतला आणि निकोदेमुस टेसिन या वास्तुरचनाकाराला बोलावलं. १६८१ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच नावाच्या त्याच्या मुलाने काम पुढे नेलं. आज आपण बघतो ती इमारत आणि तिच्यामागची आखीव बाग या बापलेकांची आहे.

तिसरी लोविसा उलरिका, प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटची बहीण. १७४४ मध्ये स्वीडनच्या युवराजाशी लग्न होऊन ती आली आणि हा राजवाडा तिला लग्नाची भेट म्हणून मिळाला. पुस्तकं, नाटक, शंख-शिंपले, फुलपाखरं, सगळ्याची आवड असलेली बाई. तिच्या निसर्गसंग्रहाची नोंद करायला साक्षात निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस येत असे. चौथा तिचा मुलगा तिसरा गुस्ताव. नाटकाचं वेड आईकडून आलेलं, इतकं की राजा झाल्यावर त्याने स्वतः नाटकं लिहिली. १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यातच तो गेला. या मृत्यूचा नाटकघराशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

महिना आणि तिकिटं

बाग वर्षभर खुली असते आणि तिला तिकीट नाही. राजवाडा हिवाळ्यातही बघता येतो, पण तेव्हा बहुतेक शनिवार-रविवारीच. नाटकघर आणि चिनी महाल मात्र उबदार महिन्यांतच उघडतात. नाटकघर गरम करण्याची सोयच नाही, आणि ती करूही नये अशीच ती वास्तू आहे. त्यामुळे आई-बाबांचं तिकीट काढतानाच हे लक्षात ठेवा. मे महिन्याच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही माझी पसंती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यांना. स्वीडिश शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि ऊन अजून उतरलेलं नसतं. मिडसमर या जूनमधल्या सणाचा शुक्रवार-शनिवार टाळा. त्या दोन दिवशी अख्खा देश गावाकडे गेलेला असतो, बस कमी असतात आणि बरंच काही बंद असतं.

तिकिटांत नवख्यांची एक गफलत हमखास होते. राजवाडा आणि चिनी महाल एकाच व्यवस्थेखाली आहेत, त्यांचं एकत्र तिकीट मिळतं. नाटकघर वेगळी संस्था चालवते. त्याचं तिकीट वेगळं, संकेतस्थळ वेगळं, आणि आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळेलाच जाता येतं. राजवाड्याचं तिकीट हातात आहे म्हणून कुणी नाटकघरात सोडत नाही. आमच्या पहिल्या खेपेला हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी तीनला पोहोचलो, इंग्रजीतून होणारी शेवटची फेरी भरलेली होती आणि वडील बंद दारासमोर उभे राहिले. तेव्हापासून मी घरातून निघण्यापूर्वी आधी नाटकघराची सकाळची इंग्रजी फेरी आरक्षित करते आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवते. तुम्हीही तसंच करा. वेळा आणि दर दर हंगामाला बदलतात, म्हणून आदल्या दिवशी दोन्ही संकेतस्थळं पुन्हा बघा.

रोख पैसे नकोत. तिकीट, कॉफी, बस, सगळीकडे कार्डच चालतं. आई-बाबांपैकी कुणी एकटं मागे राहणार असेल तर त्यांच्या हातात एक चालू कार्ड असू द्या.

पोहोचायचं कसं

जाताना मेट्रो आणि बस, येताना बोट. हे उलट करू नका. बोटीला तासाभराच्या आसपास वेळ लागतो आणि सकाळची ताजी शक्ती तिथेच बसून जाते. संध्याकाळी दमल्यावर मात्र त्याच तासाचा आराम वाटतो.

टी-सेंट्रालेन स्थानकावरून हिरव्या मार्गाची गाडी पकडा आणि ब्रोम्माप्लानला उतरा. वीसेक मिनिटं लागतात. गाडीच्या पाटीवर हेसेल्बी स्ट्रांड किंवा ओकेसहोव लिहिलेलं असलं की निश्चिंत बसा. अल्विक लिहिलेली गाडी त्याआधीच संपते. ब्रोम्माप्लानला स्थानकाबाहेरच बसचे थांबे आहेत. १७६ आणि १७७ क्रमांकाच्या बस ड्रॉटनिंगहोल्मला थांबतात, ३०० च्या पुढच्याही काही जातात. दहा मिनिटांत पूल ओलांडला की डाव्या हाताला पाण्यालगत राजवाडा दिसतो. तो दिसला की लगेच थांब्याचं बटण दाबा, थांबा तिथेच आहे.

मेट्रो आणि बस दोन्हींना एकच तिकीट चालतं, त्याची मुदत ७५ मिनिटं. दारातल्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवलं तरी काम होतं, पण मग प्रौढांचा पूर्ण दर कापला जातो. ६५ वर्षांवरच्यांना आणि २० वर्षांखालच्यांना सवलत आहे. ती हवी असेल तर वाहतूक सेवेच्या अॅपमधून सवलतीचं तिकीट घ्या आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

पायात बूट हवेत. बागेच्या वाटा खडीच्या आहेत, चपलेत खडे शिरतात आणि वयस्कर माणसं त्यानेच लवकर थकतात. पाण्यावरून वारा येतो, म्हणून जुलैतही प्रत्येकाकडे एक पातळ जाकीट असू द्या.

सकाळी: नाटकघर

राजवाड्याच्या उजवीकडे, फिकट रंगाची, एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखी दिसणारी इमारत आहे. हेच ते. पहिलं नाटकघर १७६२ मध्ये जळालं, मग लोविसा उलरिकाने कार्ल फ्रेडरिक आडेलक्रांट्झकडून हे नवं बांधून घेतलं. १७६६ मध्ये ते तयार झालं. पैसे फार नव्हते. म्हणून आतले संगमरवरी खांब संगमरवरी नाहीत, लाकडावर रंगवलेले आहेत. नक्षीकाम बरंचसं कागदाच्या लगद्याचं आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात बघायचं होतं ना सगळं. त्या उजेडात ते खरं दिसे, आणि आजही तिथे मेणबत्तीसारखे थरथरणारे मंद दिवेच लावतात.

आत गेल्यावर प्रेक्षागृहापेक्षा रंगमंचाकडे बघा. दोन्ही बाजूंना एकामागे एक विंगा आहेत, मागे मागे लहान होत गेलेल्या, त्यामुळे मंच आहे त्याहून कितीतरी खोल वाटतो. या विंगा मंचाखालच्या गाड्यांना जोडलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या गाड्या दोरांनी एकाच मोठ्या रहाटाला. खाली माणसांनी रहाट फिरवला की दोन्ही बाजूंच्या विंगा एकदम सरकतात. महालाचं अरण्य होतं, अरण्याचा समुद्र होतो. पडदा पाडावा लागत नाही, सगळं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काही सेकंदांत. ही यंत्रणा इटालियन कारागीर दोनातो स्तोपानी याची. लाटांसाठी पिळदार लाकडी रूळ आहेत, ते हाताने फिरवले की समुद्र हलतो. छतावर दगडांनी भरलेली पेटी आहे, ती कलली की ढग गडगडतात. देवांना आकाशातून उतरवायला ढगांत दडवलेली खुर्ची आहे. ज्यांनी आजी-आजोबांकडून संगीत नाटकांतल्या ट्रिकसीनच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना इथे घरी आल्यासारखं वाटतं.

माझे वडील हौशी नाटकांचं नेपथ्य करायचे. दुसऱ्या खेपेला, फेरी आरक्षित करून, मी त्यांना आत नेलं. मार्गदर्शक राजाराणीबद्दल सांगत होती आणि ते वर बघत उभे होते, दोर कुठल्या कप्पीवरून कुठे जातो ते शोधत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपण हे सगळं दोन बांबू आणि एका चादरीत करायचो, पण डोकं तेच लागतं." त्या दिवशी राजवाडा बघायचा राहिला असता तरी त्यांना चाललं असतं.

हे सगळं टिकलं कसं, हाच त्या जागेचा सर्वांत हलवणारा भाग आहे. गुस्ताव गेला आणि नाटकघराचा वालीही गेला. नंतर शंभरावर वर्षं ते जवळजवळ विस्मरणात पडलं, सामान ठेवायची जागा झालं. कुणी तिथे पैसा ओतला नाही, म्हणून कुणी ते 'सुधारलं'ही नाही. युरोपातली इतर बहुतेक दरबारी नाटकघरं जळाली किंवा नव्या काळाप्रमाणे बदलली गेली. १९२१ मध्ये आग्ने बेयर हा अभ्यासक एका चित्राच्या शोधात इथे आला, आणि धुळीखाली त्याला १८ व्या शतकातलं नेपथ्य आणि यंत्रं जागच्या जागी सापडली. दोर बदलले, विजेचे दिवे आले, आणि १९२२ मध्ये रंगमंच पुन्हा उघडला. आजही उन्हाळ्यात इथे त्या काळचे ऑपेरा त्या काळच्या पद्धतीच्या वाद्यांवर होतात. फेरी आवडली तर एखाद्या संध्याकाळी प्रयोगाला या. बाक कठीण आहेत, एक छोटी उशी बरोबर आणा.

मग राजवाडा, तासाभरात

राजघराणं १९८१ पासून इथेच, दक्षिणेकडच्या भागात राहतं. तो भाग बंद असतो. पहारेकरी उभे असतात, त्यांचा फोटो काढायला हरकत नाही, पण दोरीच्या अलीकडून. उरलेली दालनं स्वतःची स्वतः बघता येतात. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, त्या कपाटात ठेवाव्या लागतात. वर जायला भव्य जिना आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी प्रवेशाशीच दुसरी वाट विचारून घ्यावी, कर्मचारी आपुलकीने मदत करतात.

जिन्याशी थोडं थांबा. भिंतींवर कमानी आणि त्यामागे माणसं दिसतात, त्या कमानी चित्रातल्या आहेत. नंतर तीन जागा चुकवू नका. हेडविग एलेओनोराचं समारंभाचं शयनगृह आधी पतीच्या शोकामुळे काळ्या रंगाचं होतं, १७०१ मध्ये त्याला आजचा निळा रंग मिळाला. निळ्या-सोनेरी झगमगाटात उभं राहून ते काळं असताना कसं दिसत असेल, हे एकदा मनात आणून बघा. युद्धचित्रांच्या दालनांत स्वीडनचं सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालत डेन्मार्कवर गेल्याचा १६५८ मधला प्रसंग शोधा. मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट फार आवडते. आणि लोविसा उलरिकाचं ग्रंथालय. यान एरिक रेनने सजवलेली ती खोली मला अख्ख्या राजवाड्यात सर्वांत जिवंत वाटते. इतर दालनं पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी आहेत, इथे मात्र कुणीतरी खरंच बसून वाचत असे. बाकीच्या दालनांतून चालत जा, प्रत्येक पाटी वाचू नका. पुढे चालायचं पुष्कळ आहे.

जेवण

राजवाड्याजवळ कॅफे आहे, तिथे शाकाहारी काही ना काही मिळतं. पाटीवर वेगेटारिस्क हा शब्द बघा. तरी डबा न्यावा हे माझं मत. बागेत गवतावर बसून खायला मनाई नाही, फक्त आग पेटवायची नाही आणि कचरा मागे ठेवायचा नाही. धपाटे आणि दह्याचा छोटा डबा, किंवा पोळीभाजीचे रोल, यांना तोड नाही. पिण्याचं पाणी नळाचंच घ्या, स्वीडनमध्ये ते उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

कॅफेत कार्देमुम्माबुल्ले मात्र जरूर घ्या, म्हणजे वेलदोड्याचा बन. घरून आलेल्या मंडळींना तो वास लागला की चेहरे खुलतात. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं, बनाला वरून अंड्याचा हात फिरवण्याची इथे पद्धत आहे.

दुपारी: बाग, पुढून मागे

राजवाड्यामागे लगेच सुरू होते ती धाकट्या टेसिनची फ्रेंच धर्तीची बाग. कातरलेल्या झुडपांची नक्षी, सरळ रेषा, कारंजी, दोन्ही बाजूंना लिंडेन झाडांच्या रांगा. जुलैच्या सुरुवातीला लिंडेन फुलतात तेव्हा त्या रांगांखाली मधासारखा गोड वास दरवळतो. मधोमध हर्क्युलिसचं कारंजं आहे. भोवतालचे कांस्य पुतळे आद्रियान दे व्रीस या शिल्पकाराचे. ते स्वीडनमध्ये घडवलेले नाहीत. काही १६४८ मध्ये प्रागहून आणि काही १६५९ मध्ये डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यातून युद्धाची लूट म्हणून आणलेले आहेत. इतक्या शांत बागेत उभं राहून हे आठवणं जड जातं, पण आठवावं. आज बागेत दिसतात त्या प्रतिकृती. मूळ पुतळे हवा-पाण्यापासून जपण्यासाठी जवळच्या जुन्या घोडपागेतल्या संग्रहालयात हलवले आहेत.

आखीव बाग संपली की बरेच जण मागे वळतात. तुम्ही वळू नका. उजवीकडे गुस्तावच्या काळात फ्रेडरिक मागनुस पीपर याने आखलेली इंग्रजी धाटणीची बाग आहे. इथे सरळ रेषा नाहीत. तळी, छोटे पूल, हिरवळीचे उतार, मधूनच मोठी ओक झाडं. डबा खायला आणि वयस्करांना टेकायला हीच जागा चांगली. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर मोठ्या वाटांवरूनच चला, बारीक खडीत चाकं रुततात.

टोकाला: चिनी महाल

राजवाड्यापासून पाऊण-एक किलोमीटर, रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. १७५३ च्या जुलैमध्ये लोविसा उलरिकाच्या वाढदिवसाला राजाने तिला इथे गुपचूप आणलं. झाडीत एक छोटासा चिनी पद्धतीचा लाकडी महाल उभा होता, आणि सात वर्षांचा गुस्ताव चिनी राजपुत्राच्या वेशात आईला किल्ल्या द्यायला पुढे आला. तो लाकडी महाल टिकला नाही. त्याच्या जागी १७६० च्या दशकात आडेलक्रांट्झने आजचा बांधला. लाल, पिवळा, हिरवा, वळलेल्या छपरांचा. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तेव्हा गोथेनबर्गहून कँटनला जात आणि रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी आणत. चीन न पाहिलेल्या माणसांनी त्या वस्तूंवरून मनाशी रंगवलेला चीन म्हणजे हा महाल. म्हणूनच तो मला फार हळवा वाटतो.

आतली खोल्यांची रांग लहान आहे, अर्ध्या तासात होते. बाजूला जेवणाचा छोटा मंडप आहे. तिथलं मेज खालच्या मजल्यावर वाढून जमिनीतून वर आणत, म्हणजे बोलणं ऐकायला नोकर जवळ नकोत. परत येताना इंग्रजी बागेच्या वरच्या अंगाने या, म्हणजे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मोठा तुर्की तंबू दिसेल. जवळ जाऊन हात लावा. तो रंगवलेल्या पत्र्याचा आहे, गुस्तावने १७८१ मध्ये पहारेकऱ्यांसाठी बांधलेला.

परतताना

बोट राजवाड्यासमोरच्या धक्क्यावरून सुटते आणि नगरभवनाजवळ उतरवते. शेवटच्या बोटीची वेळ सकाळी पोहोचल्या पोहोचल्याच धक्क्यावर बघून ठेवा, ती अनेकांना वाटते त्याहून लवकर असते. बोटीला वाहतूक सेवेचं तिकीट चालत नाही, वेगळं घ्यावं लागतं. वयस्करांना बंद काचेच्या आतली जागा द्या, पण निघताना पाचेक मिनिटं सगळ्यांनी मागच्या डेकवर उभं राहा. राजवाडा पाण्यावरून हळूहळू मागे सरकताना दिसतो तो तिथूनच. बोट चुकली तर घाबरू नका. सकाळी जिथे उतरलात त्याच्या समोरच्या बाजूच्या थांब्यावरून ब्रोम्माप्लानची बस उशिरापर्यंत मिळते, आणि जून-जुलैत रात्री नऊ वाजताही तिथे उजेडच असतो.